तापलेला संगणक आणि पाण्याची नळी

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेतल्या एका संशोधक विद्यार्थिनीची आकडेमोड रेंगाळू लागली. प्रथिनाच्या रेणूची हालचाल संगणकावर उभी करायची, हे तिचे काम. संध्याकाळी लावलेले गणित सकाळी आम्ही येईपर्यंत तयार असायचे, ते आता दुपारच्या जेवणापर्यंत लांबू लागले. आम्ही (अर्थातच) तिला प्रोग्रॅम तपासायला सांगितले. तीन आठवडे तिने तो उलटासुलटा तपासला, दोन भाग नव्याने लिहिले. फरक जवळजवळ नाहीच. शेवटी तिने प्रोसेसरचे तापमान दाखवणारा आकडा पडद्यावर लावला आणि आम्हाला बोलावले. आकडा होता १०० अंश सेल्सिअस, आणि तो तिथून हलत नव्हता.

तो हलत नव्हता, यातच सारे उत्तर होते. आजचे प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोहोचले की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात, म्हणजे वीज कमी खातात आणि जळण्यापासून वाचतात. संगणक बंद पडत नाही, चूक दाखवत नाही, उत्तरही चुकवत नाही. तो फक्त हळू होतो. आणि दोष येतो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर.

या संगणकाला द्रवशीतक बसवलेला होता. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चकती, चकतीवर छोटा पंप, तिथून दोन रबरी नळ्या पंखे लावलेल्या रेडिएटरपर्यंत, आणि आत पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण. मोटारीच्या इंजिनात जी व्यवस्था असते तीच, लहान आकारात. ती निकामी झाली होती हे उघड होते. पण नेमके काय बिघडले होते? ते शोधताना आम्ही संगणक थंड ठेवण्याचा इतिहास चाळत बसलो, आणि तो बिघाडापेक्षा अधिक रंजक निघाला. म्हणून हा लेख.

पंखा का पुरत नाही?

आधी एक साधे गणित. घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे ५ वॅट. आमचा प्रोसेसर पूर्ण भाराखाली २०० वॅट वीज खातो आणि त्यातली सिलिकॉनची चकती जेमतेम २ चौरस सेंटिमीटरची. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे १०० वॅट, इस्त्रीच्या वीसपट. इस्त्री तापावी अशी आपली इच्छा असते, प्रोसेसर तापू नये अशी. खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती जितक्या वेगाने निर्माण होते तितक्याच वेगाने बाहेर नेली नाही, तर तापमान चढत जाते.

बाहेर नेणार कोण? हवा १० अंशांनी तापू द्यायची ठरवली तर २०० वॅट नेण्यासाठी मिनिटाला सुमारे १००० लिटर हवा लागते. तेच काम पाणी मिनिटाला २९० मिलिलिटरमध्ये करते. आकारमान सारखे असेल तर पाण्यात हवेच्या साडेतीन हजारपट उष्णता सामावते. (हा आकडा पाण्याच्या आणि हवेच्या विशिष्ट उष्णता व घनता वापरून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना काढता येईल. जरूर काढायला द्यावा.)

पहिल्या संगणकांना मात्र पाण्याची गरज भासली नाही. फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये बांधलेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीर झालेला एनिॲक १५० किलोवॅट वीज खात असे. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. भागाकार केला तर एका नलिकेच्या वाट्याला ८ वॅटच्या आसपास येतात, आणि ते काचेच्या चांगल्या मोठ्या पृष्ठभागावर पसरलेले. एकेक नलिका थंड ठेवणे अवघड नव्हते, अवघड होते ते खोली थंड ठेवणे. त्यासाठी मोठाले पंखे पुरत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्ये २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याचाही प्रश्न याच जातीचा.

ट्रान्झिस्टर आल्यावर उष्णतेचा प्रश्न सुटेल असे वाटावे. एक ट्रान्झिस्टर नलिकेपेक्षा कितीतरी कमी वीज घेतो. पण झाले उलटेच. लहान आणि थंड वस्तू मिळाली की माणूस त्या जास्त संख्येने आणि जास्त दाटीने बसवतो. संगणकाच्या बाबतीत या दाटीला सबळ कारणही होते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तारेतला संकेत त्याहूनही कमी. संगणक वेगवान हवा तर तारा आखूड हव्यात. तारा आखूड हव्यात तर भाग जवळजवळ हवेत. आणि भाग जवळ आले की हवेला वाटच राहत नाही.

क्रे यांचे नळकाम

ही साखळी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे ओळखली ती अमेरिकन अभियंता सेमूर क्रे यांनी. त्यांचा १९६४ चा सीडीसी ६६०० हा संगणक तेव्हाच्या फ्रिजमध्ये असे तशा फ्रीऑन वायूच्या शीतनावर चालला. शीतनाची बाजू सांभाळणारे डीन रूश पुढे क्रे यांच्या स्वतःच्या कंपनीतही त्यांच्याबरोबर होते. संगणकाच्या इतिहासात गणितज्ञांची नावे ठळक अक्षरांत येतात. रूश यांच्यासारख्यांची नावे शोधावी लागतात. पण त्यांच्या नळ्यांशिवाय ती गणिते झालीच नसती.

क्रे-१ हा संगणक १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोहोचला. वरून पाहिले तर इंग्रजी सी अक्षरासारखा आकार आणि भोवताली गाद्या घातलेले बाक, हे चित्र अनेकांनी पाहिले असेल. सीचा आकार शोभेसाठी नव्हता. आतल्या बाजूला तारा जोडल्या की त्या आखूड राहतात. कोणतीही तार सव्वा मीटरपेक्षा लांब नव्हती. बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रे होती. संगणक ११५ किलोवॅट वीज घेत असे आणि शीतनासह त्याचे वजन साडेपाच टन भरे.

यातली उष्णतेची वाट पाहण्यासारखी आहे. चकत्या छापील पाटीवर, दोन पाट्यांच्या मधे तांब्याचा पत्रा, पत्र्याच्या कडा ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांना टेकलेल्या, आणि खांबांच्या पोटात स्टेनलेस स्टीलच्या नळीतून वाहणारा फ्रीऑन. म्हणजे चकतीजवळ वहन आणि दूर नेण्यासाठी प्रवाह, अशी विभागणी. आमच्या प्रयोगशाळेतल्या शीतकातही हीच विभागणी आहे.

आणि हा पहिला क्रे-१ शीतनापायीच सुमारे सहा महिने रखडला. फ्रिजच्या काँप्रेसरला वंगण लागते आणि ते फ्रीऑनबरोबर नळ्यांतून फिरते. नळ्यांच्या जोडांमधून हे तेल झिरपू लागले आणि हळूहळू पाट्यांवर पसरून विद्युतमंडले बिघडवू लागले. नळ्या जोडण्याची नवी पद्धत बसवावी लागली तेव्हा कुठे प्रश्न मिटला. जगातला सर्वांत वेगवान संगणक अडला होता तो गणितासाठी नव्हे, तर नळ गळतो म्हणून!

याच सुमारास आयबीएम कंपनी वेगळ्या वाटेने चालली होती. तिच्या मोठ्या संगणकांत पाणी आधीपासून होते, पण ते हवा थंड करायचे आणि हवा चकत्या थंड करायची. नोव्हेंबर १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात रिचर्ड चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधली हवा काढून टाकली. नऊ सेंटिमीटर बाजूच्या चिनीमातीच्या पाटीवर शंभराहून अधिक चकत्या पालथ्या बसवल्या. प्रत्येकीच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या टेकवला. दट्ट्यांच्या वर पाणी वाहणारी थंड पाटी. एका डब्यातून सुमारे ३०० वॅट उष्णता बाहेर निघे, आणि पाण्याचा थेंबही विद्युतमंडलाजवळ येत नसे.

पण दट्ट्या चकतीला टेकला म्हणजे खरोखर टेकला का? दोन घन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी काही उंचवट्यांवरच एकमेकांना भेटतात. उरलेल्या जागेत हवा असते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. आयबीएमने डब्यातली हवा काढून हेलियम भरला. हेलियम हवेच्या सुमारे सहापट चांगला वाहक आहे. आज प्रोसेसर आणि तांब्याची चकती यांच्यामध्ये आपण थर्मल पेस्टचा पातळ थर देतो, तो याच कामासाठी. पेस्ट धातूपेक्षा खूपच वाईट वाहक असते, पण हवेपेक्षा चांगली. म्हणून ती खाचा भरण्यापुरतीच हवी. जाड थापली तर उष्णतेच्या वाटेत आपणच भिंत बांधल्यासारखे होते.

क्रे यांनी १९८५ मध्ये एक पाऊल आणखी पुढे टाकले. क्रे-२ मध्ये नळ्याच नव्हत्या. सगळी विद्युतमंडले फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकली होती. शेजारच्या पारदर्शक टाकीत तो द्रव धबधब्यासारखा पडताना दिसे. लोकांनी त्याचे नाव ‘बबल्स’ ठेवले. दुरुस्तीसाठी मात्र आधी द्रव काढून घ्यावा लागे.

भारताचा या घराण्याशी संबंध आला तो मान्सूनच्या अंदाजामुळे. पुष्कळ वाटाघाटींनंतर अमेरिकेने क्रे एक्स-एमपी जातीचा एक संगणक दिला. तो १९८० च्या दशकाच्या शेवटी दिल्लीत हवामानाच्या कामासाठी बसला. तोही फ्रीऑनवर थंड होणारा. इतर संस्थांना असे यंत्र मिळेना, आणि त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेल्या परम ८००० ने एक तापट प्रोसेसर थंड करत बसण्याऐवजी ६४ ट्रान्सप्युटर एकत्र कामाला लावले. एकेक ट्रान्सप्युटर फार थोडी वीज घेणारा. परमची गोष्ट आपण नेहमी स्वावलंबनाची म्हणून सांगतो. ती उष्णतेचीही आहे हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

पाणी गेले आणि परत आले

१९९० च्या दशकात संगणकातले पाणी जवळजवळ नाहीसे झाले. कारण शीतन सुधारले हे नव्हते. ट्रान्झिस्टरची जात बदलली होती. जुन्या वेगवान यंत्रांतल्या द्विध्रुवी मंडलांतून प्रवाह सतत वाहत असे, नळ सोडून ठेवल्यासारखा. सीमॉस प्रकारात मुख्यतः स्थिती बदलते तेवढ्यापुरतीच वीज खर्च होते. आयबीएमचे मोठे संगणकही १९९४ पासून सीमॉसकडे आणि हवेकडे वळले. घरगुती संगणकांत तर १९९३ च्या पहिल्या पेंटियमला १५ वॅट लागत. एक छोटा पंखा पुरे.

त्यात रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम मदतीला होता. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी केले, तर दर चौरस सेंटिमीटरची उष्णता तेवढीच राहते. जोवर व्होल्टेज उतरत होते तोवर सारे सुरळीत होते. पण व्होल्टेज फार उतरवले की ट्रान्झिस्टर बंद असतानाही प्रवाह झिरपतो. व्होल्टेज उतरायचे थांबले, वेग मात्र चढत राहिला. इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्येच एका परिषदेत दाखवले होते, की हा आलेख असाच चढला तर चकतीवरची उष्णतेची दाटी अणुभट्टी आणि रॉकेटच्या नळकांड्यालाही मागे टाकेल. २००४ मध्ये प्रेस्कॉट या पेंटियम ४ ने ११५ वॅटपर्यंत मजल मारली, आणि त्याच वर्षी इंटेलने त्याचा पुढचा अवतार आणि ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम, दोन्ही सोडून दिले. त्यानंतर वेग वाढवण्याऐवजी एका चकतीवर अनेक गाभे बसवण्याची वाट रूढ झाली. म्हणजे परमचीच वाट, थोड्या निराळ्या अर्थाने.

पाणी परत आणले ते हौशी मंडळींनी. मत्स्यटाकीचा पंप, मोटारीतल्या हीटरचा रेडिएटर आणि घरी घासलेली तांब्याची ठोकळी यांवर त्यांचे शीतक चालत. त्यांनी चुकाही केल्या. तांब्याची ठोकळी आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडला की तो विद्युतघटच होतो, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. पुढे पंप, चकती, नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातच भरून सीलबंद मिळू लागले. पंप चकतीच्याच डोक्यावर बसवण्याची मांडणी डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने रुजवली.

या चकतीच्या पोटात नुसते पाणी खेळवून भागत नाही. पाणी धातूला जेवढ्या जास्त पृष्ठभागावर भेटेल तेवढे बरे. स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीझ यांनी १९८१ मध्ये सिलिकॉनमध्ये ५० मायक्रोमीटर रुंदीच्या, म्हणजे केसाएवढ्या, चरी कोरल्या. त्यांतून पाणी सोडून दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उष्णता बाहेर काढली, आणि तापमान ७१ अंशांनीच वाढले. आजच्या शीतकातल्या तांब्याच्या बारीक पाकळ्या याच कल्पनेच्या वारस आहेत. फक्त केसाएवढी फट बुजायलाही केसाएवढाच कचरा पुरतो.

आमचा शीतक

आता आमच्या संगणकाकडे. बिघाड कुठे आहे हे न उघडता कसे ओळखावे? आम्ही घड्याळ लावले. संशयित तीन होते, आणि तिघांचा वेग निराळा.

चकती आणि प्रोसेसर यांचा स्पर्शच नीट नसेल, पेस्ट सुकली असेल किंवा स्क्रू ढिला असेल, तर तापायला फक्त सिलिकॉन आणि त्यावरचे झाकण असते. भार दिल्यावर एक-दोन सेकंदांत तापमान टोकाला जाईल. पंप थांबला असेल तर चकतीतले सुमारे १५० ग्रॅम तांबे आणि २० मिलिलिटर पाणी तेवढे तापेल. त्यांना एका अंशाने तापवायला मिळून १४० ज्यूल लागतात, म्हणजे २०० वॅटने सेकंदाला दीड अंश. आणि दोष रेडिएटरचा किंवा पंख्यांचा असेल तर सगळे ३०० मिलिलिटर पाणी तापावे लागेल. त्याला मिनिटाला १० अंश हा वेग.

आम्ही भार दिला. पहिल्या दोन सेकंदांत तापमान ४५ वरून ७० वर गेले. चांगल्या स्पर्शातही इतकी उडी अपेक्षित असते. पुढचे ३० अंश चढायला मात्र पाऊण मिनिट लागले. स्पर्श बिघडला असता तर ते तेव्हाच चढले असते. रेडिएटर बिघडला असता तर तीन मिनिटे लागली असती. पंप पूर्ण थांबला असता तर वीसेक सेकंद. म्हणजे पाणी वाहत होते, पण नावापुरते.

किती? दोन्ही नळ्यांच्या धातूच्या जोडांवर तापमापक चिकटवले. एक जोड दुसऱ्यापेक्षा २० अंशांनी गरम होता. वेग कमी केलेला प्रोसेसर त्या वेळी ११० वॅट घेत होता. विशिष्ट उष्णतेच्या सूत्रात घातले की उत्तर येते मिनिटाला ८० मिलिलिटर, एका लहान कपाएवढे. लिटरभर वाहायला हवे होते. नळी न कापता प्रवाह मोजता आला, याचा आम्हाला झालेला आनंद बिघाडाच्या मानाने जरा जास्तच होता.

कारण तिनेच सांगितले. सकाळी संगणक सुरू करताना पेटीतून गुडगुड आवाज येतो, असे ती म्हणाली. शीतक पाच वर्षांचा होता. सीलबंद असला तरी रबरी नळीच्या भिंतीतून वर्षानुवर्षे पाणी थोडेथोडे उडून जाते आणि त्याची जागा हवा घेते. हवा सर्वांत उंच जागी जमते. आमच्या पेटीत रेडिएटर पुढच्या बाजूला खाली आणि पंप वर होता. सर्वांत उंच जागा म्हणजे पंपच! पंप पाण्याऐवजी बुडबुडा घुसळत होता. बसवणाऱ्या दुकानदाराने ती मांडणी नळ्या सुटसुटीत दिसाव्यात म्हणून केली असावी. आम्हीही कधी वाकून पाहिले नव्हते.

रेडिएटर पेटीच्या छताला लावला, तसा बुडबुडा तिकडे गेला. गुडगुड थांबली, तापमान पूर्ण भारावर ८८ अंशांवर आले आणि वेग परतला. पण नव्या शीतकाच्या वेळच्या नोंदवहीत ७२ लिहिलेले होते. उरलेल्या १६ अंशांपैकी खोलीच्या उन्हाळ्याचे चार-पाच धरले, तरी बाकीचे कुठले? पुढच्या सुट्टीत आम्ही साधा पंख्याचा मोठा शीतक बसवला आणि जुना करवतीने कापला. तांब्याच्या पाकळ्यांमधल्या निम्म्या फटी हिरवट-पांढऱ्या चिखलाने भरलेल्या होत्या. टकरमन-पीझ यांच्या चरी बुजल्या होत्या, एवढेच.

पंख्याचा शीतक आवाज जास्त करतो आणि मे महिन्यात ८५ अंशांपर्यंत जातो. पण त्यात गळायला, आटायला आणि तुंबायला काही नाही. एकट्या संगणकासाठी आम्हाला तो बरा वाटतो. मोठ्या यंत्रांचे गणित वेगळे. जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंग येथे २०१२ मध्ये सुरू झालेला सुपरम्यूक हा महासंगणक ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्याने थंड होत असे. ऐकायला विचित्र वाटते, पण चकती ७०-८० अंशांवर असेल तर ४० अंशांचे पाणी तिच्यासाठी थंडच. ते पुन्हा थंड करायला बर्फ बनवणारी यंत्रे लागत नाहीत, उघड्या हवेवर भागते, आणि तापलेल्या पाण्यावर थंडीत इमारत उबदार ठेवता येते. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरवरच्या चकतीपर्यंत नेलेला आहे.

कापलेला शीतक आम्ही प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवला आहे. भेटीला येणाऱ्या शाळेतल्या मुलांना तो हाताळायला आवडतो. त्या विद्यार्थिनीची राहिलेली गणिते जूनअखेर संपली. नव्याने लिहिलेले प्रोग्रॅमचे ते दोन भाग तिने तसेच ठेवले. जुन्यापेक्षा ते थोडे वेगवान निघाले, असे तिने आम्हाला नंतर, जरा ठसक्यातच सांगितले.